ओली सुरी

रायपूरच्या भनपुरीतल्या ट्रकांच्या गल्लीत गुलाबराव मेश्रामांचं घर शोधायला पत्ता लागत नसे. सगळ्या गल्लीवर धुळीचा एकच रंग, आणि त्यात हे एक घर असं, की फाटकापासून टाकीच्या झाकणापर्यंत जे जे लोखंडाचं ते ते चकचकीत. गुलाबराव रेल्वेच्या वॅगन कारखान्यात पेंटर होते. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, पण हात काही सुटला नव्हता. खाट, खिडकीचे गज, बादलीची कडी, शिलाई मशीनचं पायडल, यांतलं काहीच त्यांच्या ब्रशाच्या तावडीतून वाचलं नव्हतं. समोरचा नत्थू ड्रायव्हर लोकांना सांगायचा, "काका के आँगन में ज्यादा देर खड़े मत रहना, पेंट मार देंगे." गुलाबराव यावर हसायचे नाहीत. बाकी कशाचीही थट्टा चालायची, लोखंडाची नाही.

"लोखंड म्हंजे लहान पोट्टं," ते म्हणायचे. "उघडं ठेवलं का बिमार पडलं."

स्वयंपाकघरात ओट्याच्या वर, खिळ्याला एक सुरी टांगलेली होती. सुरी म्हणायचं ते जुन्या सवयीनं. वीतभर लांब, बीज्याच्या लाकडाची मूठ, आणि पातं म्हणावं तर काळ्या रंगाचा एक जाड, गुबगुबीत तुकडा. दर वर्षी चौदा एप्रिलच्या आधी, जयंतीसाठी घराला रंग लागायचा, तेव्हा गुलाबराव त्या सुरीलाही एक हात मारायचे. कारखान्यातल्या डब्यांच्या तळाशी जो फेकायचा रंग उरेल तो. कधी करडा, कधी तपकिरी, कधी मिलिटरी हिरवा, आणि शेवटी वरून काळा, कारण काळ्याखाली सगळं झाकलं जातं. नोकरी सुटल्यावर ते विकतचा डबा आणायला लागले, पण सुरीचा हात कधी चुकला नाही.

सुरी अंजनाबाईंची होती. अंजनाबाई म्हणजे त्यांची बायको, सरकारी नर्स. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्यांची नेमणूक कवर्ध्याच्या पलीकडे, बोडल्याच्या डोंगरातल्या एका उपकेंद्रात होती आणि शनिवारच्या बसनं त्या रायपूरला यायच्या. अशाच एका शनिवारी त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली ही सुरी काढली. तिकडे अगरिया लोक राहतात. डोंगरातला दगड आणून, मातीच्या भट्टीत कोळशाबरोबर जाळून, त्यातून लोखंड काढणारी ही जमात. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याची सून बाळंतपणात अडली होती. अंजनाबाई तिच्या उशाशी बसून राहिल्या, आणि आई-लेक दोघी जगल्या. म्हाताऱ्याकडे द्यायला दुसरं काय असणार? त्यानं स्वतःच्या भट्टीतल्या लोखंडाची सुरी दिली.

"बाळंतिणीच्या उशाखाली ठेवायची असते म्हणे," अंजनाबाई म्हणाल्या. "आपण काई तसलं मानत नाही. मी भाजी कापीन हिनं."

"हे बराबर बोलली," गुलाबराव म्हणाले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्या घरात उशाखाली लोखंड कशाला?

"आणखी सांगत होता बुढा. हा कुंवारा लोहा आहे. भट्टीतून निघाला तसा, कशात मिसळला नाही. याले गंज लागत नाही म्हणे."

गुलाबराव खो खो हसले होते. "अंजना, लोखंड आहे ते, सोनं नोहे! गंज लागत नसता तं रेल्वेनं मले काहून ठेवलं असतं?"

अंजनाबाई म्हणाल्या, "बरं."

पुढे काही महिने त्यांनी त्या सुरीनं भाजी कापली, फणस फोडला, आणि संध्याकाळी धुऊन नळाशेजारी ओलीच ठेवून दिली. गुलाबरावांना ती ओली सुरी बघवायची नाही. ते उठून पुसायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली. शेवटी त्या एप्रिलात त्यांनी तिला आधी रेड ऑक्साइडचा, मग काळ्याचा असा पक्का हात मारला, धारेची फक्त दोऱ्याएवढी रेघ उघडी ठेवून. अंजनाबाईंनी उलटीसुलटी करून पाहिली, "छान झाली," म्हणाल्या, आणि तिला खिळ्याला टांगलं. तेव्हापासून सुरी तिथेच. गुलाबरावांना वाटलं, बायको जपते आहे.

दोन वर्षांपूर्वी अंजनाबाई गेल्या. पोटात गाठ होती. बाहेरून काहीच दिसलं नाही आणि कळलं तेव्हा आत सगळं खाऊन झालं होतं. त्यानंतरच्या एप्रिलात गुलाबराव सुरी रंगवायला बसले, तेव्हा मुठीजवळ त्यांना एक फोड दिसला. तुरीच्या डाळीएवढा. पेंटर माणसाला फोडाचा अर्थ सांगावा लागत नाही. रंगावर फोड आला की खाली गंज धरला, आणि रंगाखालचा गंज उघड्या गंजाहून वाईट, तो आतल्या आत पोखरतो. असे किती दरवाजे त्यांनी पाहिले होते, वरून नवरीसारखे आणि बोट लावलं की भसकन आत. त्यांनी फोडावर काळा हात मारला. पुढच्या वर्षी फोड वाटाण्याएवढा झाला. त्यावरही हात मारला. मग मात्र त्यांनी सुरीला कुणाला हात लावू दिला नाही. सून भावना एकदा सहज म्हणाली, "बाबा, खरवडून नवीन करून टाका नं तिले," तर तिच्यावर असे खेकसले की ती दोन दिवस कामापुरतं बोलली.

खरं ते असं होतं, की आत लोखंड उरलंच नसेल या भीतीनं गुलाबरावांची झोप उडाली होती. जोवर वरचा रंग आहे तोवर अंजनाची सुरी खिळ्याला आहे. रंग काढला आणि आतून तांबडा भुगा निघाला, तर मग तिचं काय राहिलं? दोन लुगडी, चष्मा आणि एक फोटो. हे ते कुणाला सांगणार! सत्तरीच्या माणसाला सुरीची भीती वाटते हे सांगायचंही कसं?

माघातल्या एका दुपारी गुलाबराव अंगणात ऊन खात बसले होते. फाटकाशी रिक्षा थांबली आणि निळ्या काठाच्या साडीतली, पस्तिशीच्या आसपासची एक सावळी, काटक बाई उतरली. हातात प्रशिक्षणाची कापडी पिशवी. तिनं फाटकाचा रंग पाहिला, गुलाबरावांना पाहिलं.

"गुलाबराव बबा के घर इही आय का?"

"हव," गुलाबराव म्हणाले. "कौन?"

"मंगलिन. बोडला तरफ से." ती आत आली आणि सरळ त्यांच्या पायाशी वाकली. "नर्सबाई ने जिसको निकाला था ना बबा, वही लड़की."

गुलाबराव उठून उभे राहिले. त्यांनी भावनाला हाक मारली. भावना शाळेतून शिकवून नुकतीच आली होती. तिनं पाणी आणलं, खुर्ची दिली, आणि दोघींचं बोलणं सुरू झालं तेव्हा कुठे त्यांना सगळं उलगडलं. मंगलिन तिच्या गावची मितानिन होती, घरोघरी जाऊन बाळंतिणींची, लेकरांची काळजी घेणारी. रायपूरला प्रशिक्षणाला आली होती. तिथल्या एका जुन्या नर्सला अंजनाबाई आठवत होत्या, तिच्याकडून घर कळलं. अंजनाबाई राहिल्या नाहीत हेही कळलं. मंगलिननं भिंतीवरच्या फोटोपुढे बराच वेळ हात जोडले.

"मोर दाई कहे हे, छुरी ला छू के आबे," ती म्हणाली.

आईनं सांगून पाठवलं होतं, सुरीला हात लावून ये. मंगलिनची भाषा छत्तीसगढीतून हिंदीत आणि हिंदीतून छत्तीसगढीत जायची, गुलाबरावांची हिंदी ऐकून नागपूरच्या माणसाला ती मराठीच वाटली असती. पण समजायचं ते समजत होतं. ती पोटात होती तेव्हा तिच्या आज्यानं गावात शेवटची भट्टी पेटवली. भाता पायानं चालवायचा असतो, एका पायावरून दुसऱ्या पायावर, आणि ते काम बायकांचं. दिवस भरत आलेले असतानाही तिची आई दिवसभर भात्यावर नाचत होती. त्या घाण्यातून जे लोखंड निघालं त्याची एक कुऱ्हाड झाली, एक विळा झाला आणि ही सुरी. त्यानंतर आज्यानं भट्टी पेटवली नाही. लाकूड मिळेना, आणि बाजारात लोखंड हवं तेवढं मिळायला लागलं. कुऱ्हाड आज्याबरोबर मातीत गेली. विळा भावानं एक दिवस भंगारवाल्याला देऊन टाकला. सगळ्या पाड्यात आता त्या भट्टीचा कणसुद्धा उरला नव्हता.

"दाई बोलती है, वो छुरी और मैं एक ही पसीने के हैं," मंगलिन म्हणाली. "मेरी बहन है वो. मैंने कभी देखी नहीं."

भावनाचे डोळे भरून आले. ती उठून आत जायला निघाली तशी गुलाबराव ओरडले, "थांब!" आणि मग हळू आवाजात, "मी आणतो."

खिळ्यावरून सुरी घेऊन ते बाहेर आले. त्यांनी ती मंगलिनच्या तळहातावर ठेवली. मंगलिननं पातं उलटं केलं, सुलटं केलं. अंगठा फिरवला. काळ्या रंगाचे ओघळ, गुठळ्या, कडेला साचलेले थर. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त त्याला आता कुठे जावं ते कळत नव्हतं.

"बबा," तिनं विचारलं, "लोहा कहाँ है?"

प्रश्न अगदी साधा होता. गुलाबरावांच्या मात्र तो छातीत बसला.

"अंदर है," ते म्हणाले. मग त्यांनाच तो आवाज खोटा वाटला, म्हणून पुन्हा जोरात म्हणाले, "अंदर है!"

ते आत गेले आणि रंगाची पेटी घेऊन आले. मधला मार्ग काढण्यात ते हुशार होते. म्हणाले, वरून घासून अशी गुळगुळीत करून देतो की हात लावशील तर मखमल वाटेल. ओघळ जातील, गुठळ्या जातील, पात्याला पात्याचा आकार येईल, आणि तुझ्या आईला सांगता येईल, पाहून आले. भावनाला कळलं की बाबा रंग काढणार नाहीत, फक्त तासणार आहेत. मंगलिनला नाही कळलं. ती मांडी घालून समोर बसली.

त्यांनी पाणी-पेपर, म्हणजे ओल्यानं घासायचा पॉलिश कागद, बादलीत भिजवला, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळला आणि सुरी पाटावर आडवी धरून घासायला लागले. काळं पाणी वाहायला लागलं. गुलाबरावांचा हात कामाला लागला की पाहत राहावं असा होता. मनगट हलायचं नाही, सगळा खांदाच पुढे-मागे जायचा. उंचवटे झिजले आणि जिथे जिथे झिजले तिथे काळ्याच्या आतून करडा डोकावला, करड्याच्या आतून हिरवा, हिरव्यातून तपकिरी. गोल, लांबट, एकात एक. झाड आडवं कापल्यावर बुंध्यात दिसतात तशी वर्तुळं. दोघी बायका पुढे वाकल्या.

"अगं बाई," भावना म्हणाली. "हे तं सगळे एप्रिल आहेत, बाबा."

गुलाबराव थांबले. त्यांनी आजवर हे कधी पाहिलं नव्हतं; रंगावर रंग चढवणाऱ्याला खालचा कशाला दिसेल? त्यांनी ओल्या पात्यावर बोट टेकवलं. हा खालचा करडा मुलगा प्रफुल्ल दहावी झाला तेव्हाचा. हा हिरवा भावना लग्न होऊन आली त्या वर्षीचा, तेव्हा फाटकही याच हिरव्यानं रंगवलं होतं. हा तपकिरी त्याच्याही आधीचा, अंजनाची बदली रायपूरला झाली त्या वर्षीचा, आणि त्या आनंदात त्यांनी दोन हात मारले होते. ते सांगत गेले आणि त्यांचाच त्यांना अचंबा वाटत गेला, की आपला सगळा संसार या वीतभर पात्यावर बसून राहिला आणि आपल्याला पत्ता नाही.

"मेरी भी उमर इसी में है," मंगलिन म्हणाली.

घासता घासता ठोकळा मुठीकडे गेला. गुलाबराव फोड टाळून जायच्या बेतात होते, पण बोलण्याच्या नादात हात पुढे गेला. फोड फुटला. आतून तपकिरी पाणी निघालं आणि पात्यावरून, पाटावरून ओघळत फरशीवर आलं.

गुलाबरावांनी ठोकळा खाली ठेवला.

"गेली," ते म्हणाले. "खाल्ली आतून. मले मालूम होतं. दोन साल झाले मले मालूम होतं." त्यांनी घाईघाईनं पेटीतून काळ्याचा डबा काढला आणि पेचकसानं झाकण उचकटायला लागले. "वरून एक हात मारतो. झाकून टाकतो. काई दिसत नाही मंग."

भावनानं त्यांचं मनगट धरलं. लग्न होऊन आल्यापासून तिनं सासऱ्याचा हात असा कधी धरला नव्हता. "बाबा, नका नं."

"सोड, भावना."

"नाही सोडत. आता फुटलं आहे ते. आता झाकाल तं खरंच खाईल. तुमीच सांगता नं सगळ्याईले?" ती थांबली. पुढचं सांगावं की नाही हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "आणि आईनं मले सांगितलं होतं, या सुरीले काई होत नाही म्हणून."

"तिले काय मालूम? नर्स होती ते, पेंटर नोहे."

"दवाखान्यात होत्या तेव्हा सांगितलं. मी म्हटलं, आई, इतकी छान सुरी, तुमी वापरत काहून नाही? तं म्हणाल्या, रंगाची सुरी भाजीत कशी घालू, पोरी? पोटात जाईन नं रंग. मी म्हटलं, मंग बाबाले सांगा नं, काढून टाका म्हणून. तं हसल्या. म्हणाल्या, त्या बुढ्यानं शपथ घेऊन सांगितलं होतं याले गंज लागत नाही, अन् मले त्याचं खरं वाटलं. पण तुह्या सासऱ्याले रंगवू दे. साऱ्या सालात तो एक दिवस असा आहे का ते बसते एका जागी. मी बाजूले बसून चहा पिते. अख्खा चहा. मले आवडते ते."

गुलाबरावांनी पेचकस खाली ठेवला. दर एप्रिलला सुरी खिळ्यावरून काढून त्यांच्या हातात कोण देत होतं ते त्यांना आता आठवलं. ते कधी मागत नसत. पेटी उघडली की अंजना सुरी आणून द्यायची, शेजारी पाटावर टेकायची आणि बशीतून सावकाश चहा प्यायची. इतक्या वर्षांत तिनं एकदाही म्हटलं नव्हतं की ही माझी सुरी आहे, हिला तू निकामी केलीस.

काळ्याचा डबा त्यांनी बाजूला सरकवला. आता त्यांना वेगळीच धास्ती लागली होती. अंजनानं त्या म्हाताऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि आपण हसलो होतो. आत गंज निघाला तर आपण खरे ठरू. आपण खरे ठरलो नाही तर बरं, असं माणसाला आयुष्यात कितीदा वाटतं?

"रिमूव्हर दे तो," ते भावनाला म्हणाले. "खिडक्या उघड. अन् तुमी दोघी दूर बसा, डोयाले झोंबते."

त्यांनी ब्रशानं जाड रिमूव्हर लावला. थोड्या वेळानं रंगाला सुरकुत्या पडल्या, सायीसारखा तो पात्यापासून उचलला गेला, आणि पुट्टीच्या पातळ पत्र्यानं गुलाबराव एकेक एप्रिल काढायला लागले. काळा निघाला, करडे निघाले, हिरवा निघाला. पुन्हा रिमूव्हर, पुन्हा पत्रा. वर्तमानपत्रावर रंगांच्या चिंध्यांचा ढीग वाढत गेला. पार खाली, सगळ्यांच्या आधी लावलेला रेड ऑक्साइड लागला तेव्हा गुलाबरावांनी चष्मा पुसला आणि मुठीजवळची जागा उजेडात धरली. जिथे फोड होता तिथे हा तांबडा थर अखंड होता. कुठे चीर नाही, कुठे पोकळी नाही. ओल त्याच्यावरच्या दोन रंगांच्या मधेच अडकली होती. तपकिरी पाणी तपकिरी रंगाचंच होतं. आजारी पडला होता तो फक्त त्यांचा रंग.

"थांबा जरा," ते म्हणाले, खरं तर दुसरं कुणी काही करत नव्हतं. मग त्यांनी शेवटचा हात लावला.

तांबडा थर निघाला. त्यांनी पातं साबणानं धुतलं, बारीक पाणी-पेपर हलकेच फिरवला, पुन्हा धुतलं आणि उन्हात धरलं.

वॅगन कारखान्यात गुलाबरावांच्या हाताखालून किती लोखंड गेलं असेल याला गणती नाही. पण ते सगळं एकसारखं, सपाट, मुकं. हे तसं नव्हतं. याच्यात रेषा होत्या. सागाच्या फळीत असतात तशा, मुठीपासून टोकापर्यंत वाहत गेलेल्या, कुठे दाट, कुठे विरळ, आणि मधेच एका जागी गाठ यावी तशा वळसा घालून पुन्हा एकत्र आलेल्या. करड्यात करडा, त्यात फिकट धागे. पातं जरा कलतं केलं की त्या रेषा हलायच्या. ऊन पात्यावर पडत नव्हतं, पात्याच्या आत उतरत होतं. कडेला हातोडीचे ठसे होते, जवळजवळ, प्रत्येक वेगळा. कुणीतरी दगड जाळला होता, कुणीतरी पायानं वारा घातला होता, आणि त्या वाऱ्याची, त्या घावांची सगळी खूण याच्यात तशीच होती. गंजाचा एक ठिपका नव्हता.

गुलाबरावांच्या अंगावर काटा आला. बोडल्याचा तो म्हातारा त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण तो समोर असता तर या हट्टी माणसानं त्याचे पाय धरले असते. आयुष्यभर आपण लोखंड झाकलं, त्यांच्या मनात आलं, पाहिलं कधी नाही.

"असं असते काय लोखंड?" ते म्हणाले. विचारलं कुणाला ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मंगलिन केव्हाच जवळ येऊन बसली होती. तिनं दोन्ही हात पुढे केले. पातं तळहातावर घेतलं, त्या रेषांवरून बोट फिरवलं, मग अगदी हळू ते गालाला लावलं आणि डोळे मिटले. भावनानं तोंडाला पदर लावला. समोरच्या रस्त्यावर नत्थूचा ट्रक हॉर्न वाजवत होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळानं मंगलिननं पिशवीतून मोबाइल काढला. पलीकडे आई असावी.

"दाई," ती म्हणाली, "जियत हे." जिवंत आहे. पलीकडून एक म्हातारा आवाज काहीतरी सांगत होता, आणि ही नुसती मान हलवत होती, जणू आईला दिसणारच आहे.

फोन ठेवल्यावर गुलाबराव म्हणाले, "ले जा बेटी. तुम्हारी है."

मंगलिननं जीभ चावली. "ना बबा. दिया हुआ लोहा वापस नहीं लेते. आजा की कसम लगेगी मेरे को." मग ती लहान पोरीसारखी हसली. "पर एक बार चला के दिखाओ ना."

भावनानं अंगणातल्या झाडाची चांगली पिकलेली बिही तोडून आणली; आपण पेरू म्हणतो, भावना जाम म्हणते, मंगलिन बिही म्हणाली. गुलाबरावांनी पाट्याच्या कडेवर धार दोन-चारदा ओढली आणि सुरी भावनाच्या हातात दिली. "तूच काप. घरातली बाई कापते तिनं."

पातं फळात शिरलं. आवाजसुद्धा झाला नाही. तिघांनी मीठ लावून त्या फोडी खाल्ल्या. गुलाबरावांच्या दातांना आता बिया सोसत नव्हत्या, तरी त्यांनी शेवटची फोड टाकली नाही.

उन्हं कलली तशी मंगलिन निघाली. फाटकाबाहेर जाऊन परत आली, पुन्हा एकदा सुरीवर तळहात ठेवला आणि मग मागं वळून न पाहता रिक्षात बसली.

भावना ओट्याशी उभी राहून सुरी धूत होती. तिनं शेजारी पडलेलं फडकं उचललं. "बाबा, कोरडी करून ठेवू नं? काईतरी लावा पण हिले. तेल तरी."

गुलाबराव स्वयंपाकघराच्या दारात आले. फडक्याकडे त्यांचा हात आपोआप गेला, किती वर्षांची सवय. आणि तिथेच थांबला. त्यांनी भावनाच्या हातातून सुरी घेतली, नळाखाली धरली, आणि पाणी टपटपत असताना नळाशेजारी ओट्यावर ठेवून दिली. बरोबर त्या जागी, जिथून ते रोज संध्याकाळी कुरकुरत उचलायचे.

मग त्यांनी पाट ओढला आणि खाली बसले. "चहा टाक, भावना. अख्खा."

चहा आला. त्यांनी बशीत ओतला. पात्यावर पाण्याचे थेंब होते आणि थेंबांखालून त्या रेषा दिसत होत्या. गुलाबराव सावकाश घोट घेत एकेक थेंब वाळताना पाहत राहिले. भावनाला राहवेना.

"बाबा, पुसू काय?"

"राहू दे ओली," गुलाबराव म्हणाले. "तिची सवयच आहे ते."